तीन वर्षांची फांदी

“वेलीला विचारून छाटायचं, म्हणजे नक्की काय करायचं?” यशोधननं हसू दाबत विचारलं.

“थांबायचं,” अल्दीना म्हणाली.

“आणि मग?”

“मग ती सांगते.”

“काय सांगते?”

म्हातारी पुढच्या वेलीकडे सरकली होती...

यशोधन झांबरे तासगावचा. घरची चार एकर द्राक्षबाग, त्यावर शेतकीची पदवी. सहा महिने युरोप पाहायचा म्हणून निघाला होता. जिथं राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळेल, तिथं शेतावर हात लावायचा आणि पुढं जायचं, असा त्याचा प्रवास. फेब्रुवारीत तो पोर्तुगालच्या एका डोंगरउतारावर येऊन पोचला. दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवर द्राक्षवेली, आणि खाली नदी.

बाग अल्दीनाची. वय एक्क्याऐंशी, घरात एकटीच. तरुणपणी लंडनच्या एका हॉटेलात खोल्या झाडल्या होत्या, तेवढं इंग्रजी अजून टिकून होतं. तिच्या बागेत फवारणी नाही, पोत्यातलं खत नाही. ओळींमधून मेंढ्या चरत. ‘आजी’ हा शब्द यशोधननं तिला शिकवला आणि तो तिला इतका आवडला, की पुढं नावानं हाक मारली तर ती ओ देईना.

“आजी, आमच्याकडे एवढं गवत माजू देत नाहीत.”

“हो?”

“या वेली मांडवावर चढवल्या असत्या, तर दुप्पट माल निघाला असता.”

“हो?”

त्या ‘हो?’चा त्याला राग येई. तीन आठवडे तो सांगत राहिला आणि ती ‘हो?’ म्हणत राहिली.

एके सकाळी ती गावात कुणाच्या तरी अंत्यविधीला गेली. यशोधन एकटाच कात्री घेऊन बागेत उतरला. आज दाखवूच, म्हणाला. दुपारपर्यंत त्यानं चाळीस वेली छाटल्या. खालच्या पायरीवर एक जुनी वेल होती. तिची एक लांबच लांब फांदी जमिनीलगत लोळत पडली होती, मध्येच एका दगडाला बांधलेली. कसली आळशी छाटणी ही! त्यानं बुडातून ती कापली. सफाईदार घाव. स्वतःवरच खूश होऊन तो फांदी ओढायला लागला.

फांदीचं टोक एका खड्ड्यापाशी अडकलं.

खड्डा ताजा खणलेला होता. तळाला मेंढ्यांचं खत. शेजारी एका वाळून गेलेल्या वेलीचं खोड.

यशोधनच्या लक्षात आलं. त्याचे आजोबा मोगऱ्याची अशीच दाबकलमं करत. फांदी आईपासून तोडायची नाही, तशीच वाकवून मातीत दाबायची, मुळं धरली की मगच वेगळी करायची. म्हातारी या फांदीला वर्षामागून वर्ष त्या वाळलेल्या वेलीच्या जागेकडे वळवत आणत होती. या आठवड्यात ती पुरायची होती.

कापलेल्या काड्यांचा ढीग पलीकडे जळत होता. ही फांदी त्यात टाकली असती, तर कुणाला कळलं असतं? म्हातारीच्या गुडघ्यांना खालच्या पायरीपर्यंत उतरणं तसंही कठीणच जाई.

तो बराच वेळ तिथं उभा राहिला...

अल्दीना परत आली, तेव्हा यशोधन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दोन्ही हातांवर फांदी.

“आजी, ही मी कापली.”

तिनं छत्री भिंतीला टेकवली. फांदी घेतली. बुडापासून टोकापर्यंत अंगठा फिरवत नेला.

“किती वर्षं?” त्यानं विचारलं.

“तीन.”

...

“उद्या सकाळी मी निघतो, आजी.”

“हात धुऊन ये. सूप निवतंय.”

तो जेवायला बसला. तिनं पावाचा मोठा तुकडा मोडून त्याच्यापुढं सरकवला, छोटा स्वतःला ठेवला. आयुष्यात खाल्लेली बोलणी यशोधन पुढं विसरून गेला. पावाचा तो तुकडा काही विसरला नाही. आजही तासगावात कुणा गड्याच्या हातून काही चुकलं, की त्याला आधी तोच आठवतो, आणि तो चहा मागवतो.

सकाळी तो पाठीला बॅग लावून बाहेर आला. अल्दीना अंगणात उभी होती. फांदीचे तिनं वीतभर लांबीचे तुकडे केले होते आणि ते बादलीतल्या पाण्यात उभे ठेवले होते.

“लागतील?” त्यानं विचारलं.

“एखादा लागेल. बॅग ठेव आणि चल.”

ती त्याला घरामागच्या सगळ्यात वरच्या पायरीवर घेऊन गेली. तिथं एकच वेल होती. मांडीएवढं खोड, जागोजाग जुन्या घावांच्या गाठी.

“माझ्या आईनं लावलेली,” ती म्हणाली. “आईच्या मागं हिला माझ्याखेरीज कुणाची कात्री लागलेली नाही. यंदा मला खाली बसवत नाही.”

आणि तिनं आपली कात्री त्याच्या हातात दिली.

यशोधन तिच्याकडे बघतच राहिला. त्यानं कात्री आधी कपाळाला लावली, मग वेलीपुढं गुडघे टेकले.

एक मिनिट गेलं. दोन गेली... ही काडी कुठून निघाली, कुठं निघाली आहे, कोणत्या गाठीला जपायला हवं, एकेक तो पाहत गेला. खाली कुठंतरी मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. कात्री तशीच उघडी.

“आजी,” शेवटी तो म्हणाला, “मला नाही जमणार. हात थरथरतायत.”

म्हातारीनं त्या हातांकडे पाहिलं. मग बांधावर टेकून निवांत बसली.

“काल थरथरत नव्हते,” ती म्हणाली.