केरबाच्या पोटातल्या पुतळ्या

ही कथा मी रविवार, दिनांक ८ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी हिराबाई तोडकर (वय ७९) यांच्याकडून ऐकली. कथेतील जकात नाक्यावरचा कारकून हा त्यांचा आजेसासरा. त्यामुळे नाक्यावर काय घडले, याबाबत त्यांचे कथन विश्वसनीय मानण्यास हरकत नाही.

दोन संस्थानांच्या हद्दीवर एक ओढा होता आणि ओढ्यावर जकात नाका. ओढ्याच्या अलीकडील एका गावात केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. 'भोळा' हा शब्द त्याच्या पत्नीचा, तानूबाईचा. गावाचा शब्द वेगळा होता.

केरबाच्या भाचीचे, यसूचे, लग्न ओढ्यापलीकडे ठरले. मामाने सोन्याच्या सात पुतळ्यांची माळ वधूच्या गळ्यात घालायची, त्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, अशी वराच्या वडिलांची अट होती. पुतळ्या म्हणजे सोन्याची नाणी; ती घरात होती. प्रश्न फक्त ती नाक्यापलीकडे नेण्याचा होता, आणि नेणारा केरबा होता.

तानूबाईने बजावले, "नाक्यावर इचारतील तवा सगळं खरं सांगा. काय लपवू नका."

"काय आहे जवळ?" कारकुनाने विचारले.

"धोतर एक. मागं ठिगळ हाय. दाढ एक, किडकी. बायको एक, तिरसट. पर ती घरी ठिवलीया."

केरबाने काहीही लपवले नाही. ताटकळलेल्या गाडीवानांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा त्याने त्या सात पिढ्यांचीही माहिती दिली. पुतळ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी सूर्य मावळला आणि नाका बंद झाला.

तानूबाईने कपाळाला हात लावला. "अवो, इतकं कशाला सांगायचं? एका शब्दात आटपा!"

दुसऱ्या दिवशी केरबाने एक शब्द निवडून नेला.

"काय आहे जवळ?"

"हाय."

"अरे, पण काय?"

"हाय."

"मला खुळ्यात काढतोस?"

"हाय."

झडती झाली. सात पुतळ्या सापडल्या. दंड म्हणून एक ठेवून घेत कारकून म्हणाला, "सुट्या नाण्याला जकात पडते, गाढवा. अंगावर घातलेलं सोनं माफ. उद्या अंगावर घालून आण."

तानूबाईने उरलेल्या सहा पुतळ्या दोऱ्यात ओवल्या. "नाक्यावर पोचलात की अंगावर घाला," ती म्हणाली.

केरबा नाक्यावर पोहोचला आणि त्याने माळ नेम धरून अंगावर घातली. कारकुनाच्या. ती त्याच्या कपाळाला लागली.

"माझ्या अंगावर घालतोस?"

"कुणाच्या ते तुमी कुटं सांगितलं, रावसाहेब?"

आणखी एक पुतळी दंडात गेली. शिवाय कारकुनाने खुलासा केला, "ही बायकी माळ आहे. बाईच्या गळ्यात असेल तरच माफी."

राहिल्या पाच. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होते. पहाटे उठून तानूबाई म्हणाली, "आता मीच येते आन् माळ गळ्यात घालते. मी लुगडं नेसून येईस्तवर हे पोटात ठेवा. कुणाफुडं ब्र काढू नका."

ती बाहेर आली तेव्हा केरबा ताकाचा तांब्या खाली ठेवत होता.

"माळ कुठाय?"

केरबाने ब्र काढला नाही. पोटावर हात ठेवला. तानूबाईला वाटले, कमरेला कसली असेल, नाक्याजवळ घेऊ. परंतु नाक्यावर कारकुनाने आधी त्यालाच हटकले.

"आज काय आहे?"

केरबाने पुन्हा पोटावर हात ठेवला.

"पोट बिघडलंय? मग जा बाबा पलीकडं. इथं नको!"

मांडव भरला होता. मुहूर्त जवळ आला होता. यसू बोहल्यावर मान खाली घालून उभी होती. वराचे वडील म्हणाले, "मामा, माळ?"

केरबाने बायकोकडे पाहिले. "आता सांगू?"

"सांगा की!"

"पोटात हाय."

तानूबाई डोळे वटारून त्याच्याकडे वळली.

"तूच म्हनलीस, पोटात ठेवा. ताकाबरोबर ठिवल्या. घोटाला एक. दोरा नाय गिळला, दोरा हाय." त्याने खिशातून दोरा काढून दाखवला.

वराचे वडील ताडकन उठले. "माळ नवरीच्या गळ्यात पडल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही! चला रे, वऱ्हाड उठवा!"

यसू रडू लागली. मुहूर्ताला काही पळेच उरली होती. तेव्हा केरबाने आयुष्यात प्रथमच स्वतःहून विचार केला. तो बोहल्यावर चढला, भाचीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि तसाच लोंबकळला.

"पडली का गळ्यात?" त्याने विचारले.

वराच्या वडिलांनी थोडा विचार केला. अट माळेची होती. माळ कशात असावी, हे ठरले नव्हते. "पडली," ते म्हणाले. अकलेने केरबाचा जोडीदार मांडवात निघाला तो असा.

अंतरपाट धरला गेला. केरबासकट मंगलाष्टके झाली. अंतरपाट दूर होताच, घाबरून डोळे मिटलेल्या नवरदेवाने पुढे होऊन वरमाला घातली. ती केरबाच्या गळ्यात पडली.

एवढा भाग हिराबाई व त्यांच्या जाऊबाई यांनी स्वतंत्रपणे, पण सारखाच सांगितला. पाचही पुतळ्या दोन दिवसांत हाती आल्या, याबाबतही दोघींचे एकमत आहे. मात्र यसूने त्या पुढे कधी गळ्यात घातल्या किंवा कसे, याची खात्री मला अखेरपर्यंत करता आली नाही.