केरबा टॅब दाबत जातो

कुठल्याशा गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते करायचा, आणि तिथेच सगळा घोळ व्हायचा.

गावच्या वाचनालयात वत्सलाबाई काम करायच्या. त्यांना दिसत नसे. वाचनालयात संगणक आला, तसे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, बाईंना माउसशिवाय तो चालवता आला तर त्या राहतील, नाहीतर दुसरं माणूस बघू. संगणकातल्या जाणकार नलूताईंनी बाईंसाठी खास प्रोग्रॅम बनवला आणि तपासायला केरबाला बसवलं. का, ते देवालाच ठाऊक.

"माउसला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "टॅब दाबत क्रमानं पुढं जायचं. एकही वगळायचं नाही. निळी चौकट ज्या बटणावर येईल, तिथं एंटर दाबायचं."

चौकट 'सगळी पुस्तकं काढून टाका' या बटणावर आली. केरबाने दाबलं. 'नक्की?' असं आलं. चौकट 'हो'वर होती. तेही दाबलं.

नलूताईंनी कपाळावर हात मारला. गेलेली पुस्तकं कशीबशी परत आणली आणि चौकट 'नाही'वर नेऊन ठेवली. "अरे, दाबण्याआधी विचारावं. हो म्हटलं तरच करावं."

केरबाला पटलं.

मग त्याला वत्सलाबाईंना आणायला धाडलं. दारावर बेल होती. "दाबू का?" त्याने बेलला विचारलं. बेल काही बोलेना. बिचारा दुपारपर्यंत उन्हात उभा राहिला. शेवटी बाईच बाहेर पडल्या आणि त्याच्यावर आदळल्या.

"अरे बाबा, मला दिसत नाही," त्या कळवळून म्हणाल्या. "समोर जे असेल त्याचं नाव मोठ्यानं घेत जा."

हेही केरबाला पटलं.

वाचनालयात सगळे जमले. बाई टॅब दाबत गेल्या, संगणक एकेका बटणाचं नाव बोलत गेला. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं, बाई कुठेच अडल्या नाहीत. केरबाला अगदी भरून आलं. पण बटणं संपली तरी खोली उरली होती, आणि एकही वगळायचं नव्हतं. तो क्रमाने पुढे निघाला.

"टेबल," तो मोठ्याने म्हणाला. "पंखा, बंद. ग्रंथपाल, झोपलेले. अध्यक्ष. केसांचा टोप, जरा तिरका."

इथे केरबा शहाण्यासारखा थांबला आणि अदबीने त्याने विचारलं, "काढून टाकू?"

वत्सलाबाईंचा जीव नोकरीत अडकला होता. त्या घाईघाईने मध्येच बोलल्या, "साहेब, मग मी कामावर राहिले ना?"

"हो, हो," अण्णासाहेब म्हणाले. विषय बदलल्याचं त्यांना फार बरं वाटलं.

ते 'हो' सगळ्यांनी ऐकलं. केरबानेही ऐकलं. त्याने टोप काढून टाकला.

खोलीत एकदम कुजबुज सुरू झाली. वत्सलाबाई गोंधळल्या. "काय झालं? समोर काय आहे?"

"टक्कल," केरबाने मोठ्याने सांगितलं.