ढमढेरे सरांना विचारलेला प्रश्न

एका तालुक्याच्या गावात ढमढेरे नावाचे एक क्रीडाशिक्षक होते. त्यांना सगळं दिसायचं. बास्केटबॉलच्या मैदानाच्या एका टोकाला ते बाकापाशी उभे असत आणि दुसऱ्या टोकाला कोणाचं कोपर कोणाला लागलं, हे त्यांना पंचांच्या आधी कळे. ते कोपर नेहमी समोरच्या शाळेचं असे. आपल्या शाळेच्या मुलींना कोपरं आहेत, ही गोष्ट त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती.

माणूस वाईट नव्हता. सरावाआधी मैदान स्वतः झाडायचे. कोणाच्या बुटाचा तळ निघाला तर दाभण घेऊन शिवायला बसायचे. मुलींना घरून परवानगी मिळावी म्हणून त्यांच्या वडिलांच्या ओसरीवर तासन्‌तास बसून गोड बोलायचे. पण सामन्यात शिट्टी वाजली की तो गोडवा कुठे जाई, देव जाणे.

पंचांनी त्यांच्यावर नाना उपाय करून पाहिले होते. एक पंच तडकाफडकी तांत्रिक फाउल देत. म्हणजे बोलायचं सरांनी आणि भोगायचं मुलींनी. समोरच्या संघाला फुकटचा एक नेम मिळे. त्यामुळे सर जास्त ओरडत. दुसरे पंच बहिऱ्याचं सोंग घेत. त्यामुळे सर मोठ्यानं ओरडत. तिसरे सामन्याआधी त्यांना चहा पाजत. सर चहा पिऊन ताजेतवाने होऊन ओरडत.

त्या तालुक्यातल्या शाळांमध्ये एक जुनी रीत होती. पंचांनी फाउलची शिट्टी दिली आणि चूक आपली असली, की खेळाडूनं आपण होऊन हात वर करायचा. पंचांना नाव शोधावं लागत नसे आणि भांडणही वाढत नसे. ढमढेरे सरांनी ती रीत आपल्या संघापुरती बंद केली.

“हात वर करायला हा काय एसटीचा थांबा आहे?” ते मुलींना म्हणाले, “पंचाला दिसेल तेवढं दिसेल. आपण होऊन सांगायचं नाही.”

मुलींनी ऐकलं. सरांचं त्या सगळंच ऐकत.

त्या वर्षी सरांचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचला. शाळेला आजवर कधी ढाल मिळाली नव्हती. मुख्याध्यापकांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली उतरवून ढालीसाठी जागा करून ठेवली होती. सर त्या मोकळ्या जागेकडे रोज एकदा बघून जात.

सामन्याला पंच म्हणून गव्हाणे बाई आल्या. शेजारच्या गावी त्या चित्रकला शिकवत आणि सुट्टीत शिट्टी वाजवत. त्यांच्या जोडीचा पंच पाय मुरगळून घरी पडला होता, त्यामुळे बाई एकट्याच होत्या. तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकासाठी त्यांचा एक साधा नेम होता. त्यानं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. शेरा मारला तर ऐकून घ्यायचा. आणि खेळ पुन्हा सुरू झाला की ते सगळं विसरून जायचं.

फाउलची पहिलीच शिट्टी सरांच्या संघातल्या किशोरी पाचंगेवर वाजली. सर उसळले.

“काय हो बाई, चष्मा घरी विसरलात का?”

“डोळ्यांवर आहे, सर.”

“मग पुसा तरी!”

बाईंनी खरोखरच चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “पुसला, सर.”

मैदान हसलं. सरांनाही हसू येत होतं, पण त्यांनी ते वेळीच आवरलं.

मग सर बोलत राहिले. बाई ऐकत राहिल्या. मध्यंतरात पाणी पिताना त्या सरांच्या बाकापाशी आल्या.

“सर, मला काय बोलायचं ते बोला. पण एक बघितलंत का? शिट्टी वाजली की तुमच्या मुली चेंडूकडे बघत नाहीत. तुमच्याकडे बघतात.”

“बघायलाच पाहिजे,” सर छाती काढून म्हणाले, “मी गुरू आहे त्यांचा.”

“म्हणूनच सांगते,” बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सामना शेवटाला आला. सरांचा संघ एका गुणानं मागे होता आणि फक्त काही सेकंद उरले होते. चेंडूसाठी किशोरी आणि समोरच्या शाळेची एक मुलगी एकदमच उडाल्या. चेंडू उसळला आणि सरांच्या पायांपाशी रेषेबाहेर गेला. बाईंनी शिट्टी दिली.

आता ज्या मुलीचा हात शेवटी लागला, तिच्या विरुद्ध संघाला चेंडू मिळणार. सरांच्या संघाला मिळाला, तर ढाल जिंकायची एक संधी. समोरच्यांना मिळाला, तर ते तो धरून ठेवणार आणि सगळं संपणार.

बाई नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर नेमक्या दोन उंच मुली होत्या. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. शंका असली की काय करायचं, हे नियमात लिहिलेलं असतं. बाईंनी नियमात नसलेली गोष्ट केली. त्या सरळ ढमढेरे सरांसमोर गेल्या.

“सर, मला दिसलं नाही. तुमच्या पुढ्यात घडलंय. शेवटचा हात कोणाचा?”

सरांचं तोंड सवयीनं उघडलेलंच होतं. ते तसंच राहिलं. आयुष्यभर पंचांना उत्तरं पुरवणाऱ्या त्या माणसाला पंचांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

समोरचे प्रशिक्षक धावत आले. आतापर्यंत ते फार शांत गृहस्थ होते, कारण ते जिंकत होते. “अहो बाई, त्यांना काय विचारता? ते काय सांगणार, आम्हाला ठाऊक नाही का?”

“जागेवर बसा, सर,” बाई म्हणाल्या, “मी त्यांना विचारलंय.”

सरांना दिसलं होतं. अगदी स्वच्छ दिसलं होतं. त्यांनी किशोरीकडे पाहिलं. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला होता. सरांची नजर पडताच तो वेणीकडे वळला आणि उगाच वेणी सारखी करू लागला. तिच्यामागे बाकीच्या मुली उभ्या होत्या. त्यांपैकी एकीचंही चेंडूकडे लक्ष नव्हतं. सगळ्या सरांकडे बघत होत्या. ते काय म्हणतील, ते त्या खरं धरणार होत्या. आणि जन्मभर लक्षात ठेवणार होत्या.

सरांना कपाटावरची मोकळी जागा आठवली.

“आमच्या मुलीचा,” ते म्हणाले. त्या मैदानावर सर इतक्या हळू कधी बोलले नव्हते.

“काय म्हणालात?” समोरचे प्रशिक्षक ओरडले. त्यांना ऐकू आलं होतं, पण पटलं नव्हतं.

“आमच्या मुलीचा हात लागला!” सर नेहमीच्या आवाजात गरजले. “ऐकू येत नाही का? कान घरी विसरलात?”

समोरच्यांनी चेंडू धरून ठेवला आणि सामना संपला.

मुली रडल्या. किशोरी बाकाकडे आलीच नाही. ती बास्केटच्या खांबाला टेकून उभी राहिली. सर तिच्यापाशी गेले.

“सर, मी सांगणार होते,” ती हुंदके देत म्हणाली, “पण तुम्हीच म्हणाला होतात, हात वर करायचा नाही.”

सरांनी तिच्यासमोर स्वतःचा हात हळूच वर केला, अगदी कोपर सरळ करून. किशोरी रडता रडता थांबली. तिनंही हात वर केला. मग एकेक करत सगळ्या मुलींनी केला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, खरोखर एसटीच आली.

बाई चपला घालून निघाल्या होत्या. सर त्यांच्यामागे गेले. चांगलं वागून झालं, तरी तक्रार शिल्लक होती.

“बाई, तो पहिला फाउल मात्र चुकीचाच होता.”

“होता, सर,” बाई म्हणाल्या, “मला नंतर जाणवलं.” आणि त्यांनीही हात वर केला.

हे वाक्य ऐकण्यासाठी सरांनी सारी हयात पंचांशी भांडण्यात काढली होती. मिळालं, तेव्हा त्याचं काय करायचं ते त्यांना समजेना. ते जरा घुटमळले.

“चहा घेणार?” त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी गोल पुन्हा कपाटावर ठेवला. सर पुढच्या वर्षीही सामन्यात ओरडत होते. माणूस एका दिवसात एवढाच बदलतो. पण आता ते ओरडत, “किशोरी, हात नीट वर कर! पंचबाईंना दिसायला नको का?”

तात्पर्य: दुसऱ्याच्या निवाड्यात खोट काढणं सोपं असतं. निवाडा आपल्यावर येतो तेव्हा आपली मुलं आपल्याकडे बघत असतात. त्या वेळी जो खरं बोलतो, तोच त्यांचा गुरू.