उजवीकडचं विमान

“पण उतरलो तर नीटच ना, मॅडम?” निषाद खानोलकरने विचारलं.

परीक्षा घेणाऱ्या कॅप्टन देवस्थळी शेजारच्या सीटवरून समोर बघत राहिल्या. सिम्युलेटरच्या काचेवर ओली धावपट्टी थांबून राहिली होती.

निषादची ही शेवटची परीक्षा. आज पास झाला की तो कॅप्टन. उद्यापासून भरलेलं विमान त्याच्या भरवशावर.

“शेजारच्या धावपट्टीवर दुसरं विमान उतरत होतं,” त्या म्हणाल्या. “टॉवरमधल्या कंट्रोलरने तुला काय विचारलं?”

“उजवीकडचं विमान दिसतंय का.”

“आणि तू?”

“दिसतंय म्हणालो.”

“दिसत होतं?”

“लाल दिवे होते… उजवीकडे.”

मागे सिम्युलेटर चालवणाऱ्या पॅनलपाशी बसलेले सोमण खाकरले. कंट्रोलरचा आवाज आज तेच काढत होते.

“ती क्रेन होती, खानोलकर. बांधकाम चालू आहे तिथे. क्रेनवर मात्र तुम्ही चांगली नजर ठेवलीत.”

निषाद हसला. देवस्थळी हसल्या नाहीत.

“दिसत नाही म्हणाला असतास तर?”

“बाजूला काढलं असतं. परत फेरी मारा म्हणाले असते. मागे रांग असते, मॅडम. आणि… माणूस नवखा वाटतो.”

“आणि दिसतंय म्हटल्यावर?”

“मग त्याच्यापासून लांब राहणं हे आपलं काम. कंट्रोलर त्यातून मोकळा.”

“सोमण, चित्र मागे घ्या. बाहेरून दाखवा.”

धावपट्टी दूर गेली. ढग आले. मग सगळं थांबलं.

दोन विमानं. खालचं निषादचं. दुसरं आपली वाट सोडून डावीकडे सरकलेलं, बरोब्बर त्याच्या डोक्यावर. त्याची उघडी चाकं निषादच्या छताला टेकल्यासारखी दिसत होती.

त्या क्षणी आपण काय करत होतो, ते निषादला आठवलं. तो हळू आवाजात शीळ घालत होता.

“मला… काही ऐकूसुद्धा आलं नाही.”

“येत नाही,” देवस्थळी म्हणाल्या.



“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा ढग. पुन्हा पाऊस.

“उजवीकडचं विमान दिसतंय का?” सोमणांचा आवाज.

निषादने पाहिलं. अंधार. लाल दिवे. परत पाहिलं.

“दिसतंय का?”

“नाही… दिसत नाही.”

“डावीकडे वळा. वर जा. लगेच!”

त्याने विमान वळवलं, वर ओढलं. उजव्या काचेपलीकडून काहीतरी प्रचंड, पांढरं सरकत गेलं.

ढगांच्या वर आल्यावर तो देवस्थळींकडे वळला.

“मॅडम, आज नको… मला भीती वाटतेय. मला नाही व्हायचं कॅप्टन.”

देवस्थळी सकाळपासून त्याच्या शेजारच्या सीटवर मोकळ्याच बसल्या होत्या. सिम्युलेटर काही जमीन सोडत नाही. त्यात त्यांना पट्टा बांधताना कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी पट्टा घेतला. आधी कमरेला लावला, मग खांद्यांवरून. ओढून पाहिला.

मागे सोमणांची खुर्ची करकरली.

“चल,” त्या म्हणाल्या. “मला खाली उतरव.”