बिनविळ्याचा दिवस

कार्तिकात पाणाईदेवीच्या तळ्याचे पाणी ओसरले की मोथेगावात लव्हाळ्याची कापणी लागते. त्या लव्हाळ्याच्या सादड्या, म्हणजे चटया, विणूनच हे गाव जगत आले आहे. मात्र कापणीच्या पहिल्या दिवशी गावच्या सुना रिकाम्या हातांनी तळ्यात उतरतात. विळा एकीजवळही नसतो. वाऱ्याने लव्हाळ्यात घातलेल्या गाठी त्या दिवसभर सोडवीत राहतात. परगावचा पाहुणा हमखास विचारतो, "बायांनो, विळे घरी विसरलात काय?" बाया हसतात; उत्तर देत नाहीत. ते उत्तर देवळाच्या पायरीवर बसलेले सोनबा गुरव देतात, आणि तेही पाहुण्याला आधी चपला काढायला लावून.

फार पूर्वी या गावात साळू आणि भिवरा नावाच्या दोन जावा होत्या, असे सांगतात. दोघींना विणकाम शिकवले ते एकाच सासूने. सादडीच्या काठाची गाठ कशी मारावी, तिचे टोक आत कसे दडवावे, हेही तिचेच. देवीच्या आसनाची सादडी दरवर्षी त्याच घरातून जाई, आणि सासू होती तोवर तो मान थोरल्या साळूचा होता. सासू गेली. त्या वर्षी पंचांनी दोघींच्या सादड्या पाहिल्या आणि धाकट्या भिवराची उचलली.

तिन्हीसांजेला साळू एकटी तळ्यावर गेली. जिवंत लव्हाळ्याला गाठ मारून उच्चारलेला शब्द गाठ सुटेपर्यंत पाणाई सांभाळते, मग तो नवस असो वा शाप, अशी तेव्हा श्रद्धा होती. साळूने दोन काड्या जवळ ओढल्या, गाठ आवळली आणि म्हणाली, "तिचे हात आखडोत."

रात्री वारा सुटला. सकाळी शेजारीण साळूला सांगत आली, भिवराचा उजवा हात मनगटापर्यंत सुजला आहे, बोट हलत नाही. "परवा दाभण रुतली होती म्हणे तळहातात," असेही ती म्हणाली. दाभणीने हात सुजला, की आपल्या शब्दाने? दाभण परवाची, शब्द कालचा, आणि सूज आजची. काहीच कळेना. विणणाऱ्या बाईचा हात गेला म्हणजे चूल गेली, एवढे मात्र कळत होते.

ती तशीच धावत तळ्यावर आली आणि थबकली. वाऱ्याने सारे तळे न विंचरलेल्या केसांसारखे गुंतवून टाकले होते. जिकडे पाहावे तिकडे गाठी. आपली कोणती? ती पाण्यात उतरली आणि हाताला येईल ती सोडवू लागली.

दुपार कलली तेव्हा पलीकडून पाणी हलले. भिवरा होती. सुजलेला हात पदरात बांधलेला, डाव्या हाताने आणि दातांनी तीही गाठीच सोडवीत होती.

"भिवरे, असल्या हातानं इथं काय करतेस?"

"लव्हाळा कापायला आले, जाऊबाई."

"मग विळा कुठाय तुझा?"

भिवराने मान वर केली. "तुमचा कुठाय?"

दोघीही पुन्हा गाठींकडे वळल्या. तेवढ्यात साळूच्या बोटांना ती घट्ट गाठ लागली. टोक आत दडवलेले, सासूच्या हातची शिकवण. तिने सुटकेचा श्वास घेतला. आणि हातभर अंतरावर तशीच दुसरी गाठ दिसली. साळूने तर एकच मारली होती. यातली आपली कोणती? दुसरी भिवराची असेल, तर तिने काय मागितले होते? आपले वाईट, की भले? वाईट असेल तर ती सुटायला हवी. भले असेल तर आपल्या हातांनी कसे सोडवावे? विचारावे, तर आधी स्वतःचे सांगावे लागेल. साळूचे डोके चालेना.

भिवराच म्हणाली, "दोन्ही सोडवा, जाऊबाई. माझ्या एका हातानं सुटत नाहीत." तिचे डोळे भरले होते. पण लाजेने की दुखण्याने, हेही साळूला उमगले नाही.

साळूने दोन्ही सोडवल्या. मग भिवराचा निरोगी हात धरून तिला काठावर आणले. वाटेत दोघींपैकी कोणी काही विचारले नाही, कोणी काही सांगितले नाही.

पुढे भिवराचा हात बरा झाला म्हणे. वैद्याच्या लेपाने, असे काही सांगतात. गाठ सुटली म्हणून, असे काही. साळूला मरेपर्यंत याचा उलगडा झाला नाही. तोंडातून गेलेला शब्द तोंडाने परत येत नाही, त्यासाठी हातांनी चिखलात उतरावे लागते, एवढे ती सुनांना सांगे. पुढच्या वर्षी देवीची सादडी दोघींनी मिळून विणली. तिच्यात कोणती गाठ कोणाची, हे पंचांना ओळखता आले नाही.

आजही मोथेगावची एखादी सून वर्षात केव्हाही, अवेळी, विळ्यावाचून तळ्याकडे निघालेली दिसते. वाटेवरचे लोक बाजूला सरतात. विळा कुठाय, असे तिला कोणी विचारत नाही. संध्याकाळी ती परतते, तेव्हा जिच्याशी अबोला असतो तिच्या घरी हिच्यासाठी पाय धुवायला पाणी काढून ठेवलेले असते.