आवाज म्हणेल तिथे उतरा

“…म्हणजे बस कुठवर आली हे एकदा कळलं, की माणसाची तगमग थांबते. थांबते की नाही, भन्तेजी?”

भन्ते शीलरत्न विहाराचं अंगण झाडत होते. झाडू चालतच राहिला.

“बोला ना. तगमगीचं मूळ शोधा, असं तुम्हीच सांगता. मी शोधलं. उपटूनही टाकलं.”

“उपटलंस?”

“अख्ख्या शहराचं!”

उत्पला मेश्राम हे बोलली ते काही उगाच नाही. शहरातल्या प्रत्येक बसवर तिनं एक यंत्र बसवलं होतं. बस कुठे आहे, किती वेळात पोहोचेल, हे थांब्यावरच्या फलकावर दिसायचं. बसच्या आत पुढच्या थांब्याचं नाव ऐकू यायचं. आणि तो आवाजही तिचाच होता. आधी एका कलाकार बाईकडून नावं म्हणवून घेतली होती, पण ती ऐकताना कुणीतरी साबण विकतंय असं वाटायचं. शेवटी उत्पला स्वतःच ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. गेल्या उन्हाळ्यापासून सारं शहर तिच्या आवाजावर चढत होतं, उतरत होतं.

लहानपणी ती आईचं बोट धरून या विहारात यायची. पुढे दर रविवारी ध्यानाला बसू लागली. अलीकडे मात्र तिचे बरेच रविवार चुकले होते. आज ती आली होती ती बसायला नव्हे, निकाल लावायला.

“इथे बसून श्वास बघत राहण्यापेक्षा हे काम मोठं नाही का, भन्तेजी?”

“मोठं आहे.”

उत्पला गोंधळली. वाद घालायची तयारी करून आलेल्या माणसाला होकार मिळाला की त्याची पंचाईत होते.

“मग?”

भन्तेंनी झाडू भिंतीला टेकवला. अंगावरचं चीवर सारखं केलं.

“मग दाखव.”

“कुठे जायचं?”

“बसमधली बाई नेईल तिथे.”

*

विहाराच्या टेकडीखालच्या थांब्यावर बरीच माणसं होती, पण रस्त्यावर कुणीच उभं नव्हतं. एक भाजीवाली कडुनिंबाच्या सावलीत टोपली टेकून बसली होती. दोघं जण समोर चहा पीत होते. एक मास्तर पेपर वाचत होते. अधूनमधून कुणी तरी फलकाकडे नजर टाकायचं आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं.

भन्तेंनी सगळीकडे पाहिलं.

“खरंच गं. कुणाचीच मान लांब झालेली नाही.”

उत्पलाचा चेहरा खुलला. “पूर्वी इथे धक्काबुक्की व्हायची. म्हातारी माणसं भर उन्हात रस्त्यावर येऊन उभी राहायची.”

“चांगलं केलंस.”

ती फलकाकडे बघत होती. मग तिनं फोन काढून त्यात पाहिलं. मग पुन्हा फलकाकडे.

“काय बघतेस?”

“बस.”

“कळली ना कुठे आहे ते?”

“कळली.”

“बरं…”

उत्पलानं फोन पर्समध्ये टाकला आणि हसून मान वळवली.

बस आली. फलकानं सांगितलं होतं तेव्हाच आली.

*

आत फारशी गर्दी नव्हती. मधल्या दाराजवळच्या बाकावर दोघं बसली. बस सुटली आणि वरून आवाज आला, स्वच्छ, ठाम.

“पुढील थांबा, दोन खांब चौक.”

“बरं, बाई,” भन्ते म्हणाले.

मागच्या बाकावरची माणसं हसली. उत्पलाही हसली. पण पुढच्या थांब्याला ते पुन्हा म्हणाले, “बरं, बाई.” त्याच्या पुढच्यालाही. अगदी मनापासून, घरातल्या माणसाला उत्तर द्यावं तसं. तेव्हा मात्र तिला उगीचच अवघडल्यासारखं झालं.

समोरच्या बाकावर एक म्हातारी होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. तो तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

“आजी, कुठे निघालात?” उत्पलानं विचारलं.

“मातृसदनात. माही पोरगी बाळंत झाली. खीर नेऊन रायली तिच्यासाठी, आळिवाची.”

“एकट्याच? डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं दिसतंय.”

“मंग काय झालं? हे बाई सांगते ना नाव. सून नको म्हने, एकटी जाऊ नका म्हने. म्या म्हनलं, डोया नसला तं काय झालं, कान हायेत.” म्हातारीनं मान वर करून छताकडे बघितलं. “लय भल्या घरची दिसते. कधी चिडत नाही, वसकत नाही.”

उत्पलाला राहवेना.

“आजी, तो आवाज माझाच आहे.”

“जा वो! तू तं इथं बसली हायेस.”

बस पुन्हा हसली. उत्पलानं भन्तेंकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं तिला म्हणायचं होतं. भन्ते खिडकीबाहेर बघत होते.

*

जुन्या कापूस बाजाराच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता. पोलिसानं हात केला. चालकानं बस मागच्या रस्त्याला घेतली, जिथून मालाचे ट्रक जायचे. तिथे सगळीच वाहनं तुंबली होती. बस रस्त्याच्या मधोमध अडकून उभी राहिली. दोन्ही अंगांनी मोटरसायकली आणि टेम्पो वाट काढत होते.

आणि वरून आवाज आला.

“थांबा, मातृसदन. कृपया उतरून घ्या.”

उत्पलाच्या लख्ख ध्यानात आलं. प्रत्येक थांब्याभोवती नकाशावर एक गोल आखलेला असतो. बस त्या गोलात शिरली की नाव उच्चारलं जातं. मातृसदन पलीकडच्या रस्त्यावर होतं. मध्ये घरांची एक अख्खी रांग होती. पण गोल मोठा होता, आणि या रस्त्यावरूनही बस त्या गोलात शिरली होती. नेमका असा रस्ता बदलला तर काय, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिनं फोन काढला. नियंत्रण कक्षात कळवायला हवं. या मार्गाच्या सगळ्या बस इथूनच येणार, सगळीकडे हेच बोललं जाणार. तिची बोटं भराभर चालू लागली. कुठला गोल, किती लहान करायचा…

फोनच्या काचेवर एक तळवा आडवा आला. भिक्षू बाईला शिवत नाहीत, म्हणून तिच्या हाताला न लागता, नुसता काचेवर.

तिनं चिडून मान वर केली. भन्ते दाराकडे बघत होते.

म्हातारी दारात होती. डबा छातीशी धरून, एक पाय पायरीवर, दुसरा खाली सोडत. वाहक पार मागे तिकिटं देत होता.

“थांबा!” उत्पला ओरडली.

“हो, हो, आयकलं,” म्हातारी म्हणाली. “उतरूनच रायली ना.”

“थांबा! आजी, थांबा!”

तोच आवाज. तोच शब्द. सकाळपासून प्रत्येक वेळी तो ऐकू आला होता तो कुठलं तरी ठिकाण आलं हे सांगायलाच. म्हातारीनं पाय आणखी खाली टाकला.

तेव्हा उत्पला उठली. फोन कुठे पडला ते तिला कळलं नाही. दोन बाकांमधून अंग घुसवून तिनं म्हातारीचा दंड धरला आणि सगळ्या ताकदीनं आत ओढली. दोघी पायरीवरच बसल्या. एक टेम्पो दाराला घासून गेला. डबा खाली पडला होता. टेम्पोचं मागचं चाक त्याच्यावरून गेलं.

म्हातारी चेपलेल्या डब्याकडे एका डोळ्यानं बघत राहिली. मग तिनं मान वळवून उत्पलाचा चेहरा अगदी जवळून न्याहाळला.

“तूच हायेस का वो ते?”

“हो… मीच.”

“मंग एक डाव उतर म्हनते, एक डाव वढून घेते. कोनाचं आयकू मी?”

उत्पलानं म्हातारीचा हात सोडला नाही.

पुढे जागा मिळाल्यावर चालकानं बस कडेला घेतली. उत्पला म्हातारीला घेऊन उतरू लागली. दारात तिला भन्तेंची आठवण झाली. तिनं मागे वळून पाहिलं. भन्तेंनी तिचा फोन बाकाखालून उचलून पुढच्या माणसाकडे दिला होता. तो हातोहात दारापर्यंत आला.

“भन्तेजी, तुम्ही?”

“मी बसलोय. तू जा.”

*

घरांच्या रांगेमधून एक बोळ होता. त्या बोळातून दोघी सावकाश निघाल्या. म्हातारीचं नाव चंद्रभागा खोब्रागडे. खीर गेली त्याचं तिला फार वाईट वाटत होतं, आणि वाटभर ती तेच बोलत होती. उत्पला ऐकत राहिली. मातृसदनात पोहोचल्यावर नात बघितली आणि चंद्रभागाबाई खीर विसरल्या. उत्पलाच्या मांडीवर बाळ देऊन त्यांनी लेकीला सांगितलं, “ह्याच पोरीनं आनलं मले.”

बाहेर येऊन उत्पलानं आधी कक्षात फोन लावला आणि त्या मार्गावरचा आवाज बंद करायला लावला. मग ती सरळ कार्यालयात गेली. घडलं ते वरिष्ठांना जसंच्या तसं सांगितलं. सगळ्या मार्गांचे नकाशे पुन्हा उघडायला लावले. काही जण कुरकुरले. इतकं काय झालंय, म्हातारी वाचली ना, म्हणाले. उत्पला त्यांच्याशी भांडली नाही. तिनं फक्त काम थांबू दिलं नाही.

*

पावसाळा सरता सरता ती पुन्हा विहारात आली. भन्ते पिंपळाच्या पारावर बसले होते. तिनं वंदन केलं आणि खाली चटईवर बसली.

“आजी काय म्हणतात?” भन्तेंनी विचारलं.

“बऱ्या आहेत. दुसऱ्या डोळ्याचंही झालं. काल त्यांच्यासोबत बसनं गेले होते. बाजाराजवळ पुन्हा रस्ता बंद होता. बस मागच्या रस्त्याला वळली आणि आवाज गप्प झाला. आजी म्हणाल्या, ‘बाई काहून बोलून नाही रायली वो?’ मी काहीच बोलले नाही. वाहक स्वतः उठला, आजींजवळ गेला, म्हणाला, ‘मावशी, बसा, मी सांगतो तेव्हा उतरा.’ हात धरून उतरवलं त्यानं.”

“त्याला कसं कळलं?”

“त्याच्याजवळ दिवा लागतो. बसनं ठरलेला रस्ता सोडला, की यंत्र आधी आवाज बंद करतं, मग दिवा लावतं. पुन्हा खात्रीच्या रस्त्यावर येईपर्यंत बोलत नाही.” उत्पलाचा स्वर पहिल्यासारखाच ठाम होता, पण आता तो चढत नव्हता. “यंत्र चांगलं आहे, भन्तेजी. पूर्वीपेक्षा चांगलं आहे.”

“म्हणजे आपल्याला नक्की ठाऊक नाही, हे त्याला कळतं?”

“कळतं.”

“आणि कळल्यावर ते गप्प बसतं?”

“बसतं.”

भन्ते तिच्याकडे बघत राहिले. मग पारावरून उठले.

भिक्षू उपासकांना वंदन करत नाहीत. उपासकांनी करायचं, त्यांनी आशीर्वाद द्यायचा. एवढ्या वर्षांत भन्तेंचे हात कुणासमोर जोडलेले उत्पलानं पाहिले नव्हते. त्यांनी चीवर खांद्यावर नीट घेतलं, दोन्ही तळवे जुळवले आणि खाली शहराकडे, जिथून बसचे भोंगे ऐकू येत होते तिकडे, मान लववली.

उत्पला गडबडून उभी राहिली.

“भन्तेजी… हे कुणाला?”

“तुझ्या यंत्राला. मी अजून शिकतोय, म्हणून सांग.”