कुस्त्यांचा तक्ता आणि पाच रिकाम्या ओळी

संगणकाचे पडदे पेटीएवढे जाड होते, तेव्हाची गोष्ट. कुस्त्यांच्या एकपानी पत्रकात तळाशी पैलवानांच्या जोड्यांचा तक्ता ऐटीत बसला होता.

"तक्तेराव, माझा हात धरा," वरचं वाक्य म्हणालं.

"छे! मधे या पाच रिकाम्या ओळी आहेत, कसं ऐसपैस वाटतं!"

इतक्यात टायपिंग करणाऱ्या शेवंताताईंनी वर एका पाहुण्याचं नाव घातलं. रिकाम्या ओळींनी तक्त्याला ढकललं आणि तो दुसऱ्या पानावर पडला. ते पान छापलं जाणारच नव्हतं.

"अहो, माझे पैलवान!" तक्ता ओरडला.

शेवंताताईंनी रिकाम्या ओळी पुसल्या आणि तक्ता वाक्याला जोडला. तेवढ्यात सरपंचांचा निरोप आला, "आणखी दोन पाहुण्यांची नावं राहिली." ताईंनी तीही वर घातली. वाक्य आणि तक्ता बरोबरच खाली सरकले, पण पानावरच राहिले.

"हळू हो," तक्ता पुटपुटला, "पण हात सोडू नका."